डाव्या बाजूचे रबर

हिलरी थर्लबीने डाव्या कार्ब्युरेटरचा पट्टा सैल केला, कार्ब्युरेटर मागे ओढून तारेने बाजूला टांगला, आणि त्याला इंजिनाशी धरून ठेवणारा रबरी जोड दोन बोल्ट काढून हातात घेतला. मुठीत मावेल एवढा जाड काळा गळा, एका टोकाला धातूची चकती. तिने नख दाबून पाहिले. नख रुतले नाही. मग दोन्ही अंगठ्यांनी जोड वाकवला, आणि चकती संपून रबर जिथे सुरू होते तिथे, इतका वेळ गुळगुळीत दिसणाऱ्या काळ्या अंगावर, ओठ उघडावा तशी एक चीर उघडली.

"काय म्हणतंय?" डेरिक पॅचेटने हँगरच्या दारातून विचारले. त्याच्या एका हातात चहाचा मग होता, दुसऱ्या हातात तिच्यासाठी आणलेले बेकन सँडविच. तपासनीस काम करत असताना विमानाच्या मालकाने त्याला खाऊ घालायचे, हा या धावपट्टीवरचा रिवाज होता. फी कोणी घेत नसे. सही झाली की वर व्हिस्कीची एक बाटली मिळे.

"म्हातारं झालंय," हिलरी म्हणाली.

"कोण नाही झालं इथे? अगं, सहा वर्षांत एकशे बारा तास उडालंय ते. एकशे बारा! माझं गवत कापायचं यंत्र त्याहून जास्त चाललंय."

"रबराला तास कळत नाहीत, डेरिक. त्याला वर्षं कळतात. हँगरमध्ये नुसतं उभं राहिलं तरी ते शिजत राहतं."

"झालं! प्रयोगशाळा सुरू झाली," डेरिकने मग कपाटावर ठेवला. "क्लाइव्ह नुसता अंगठा दाबायचा आणि सांगायचा. त्याला काही लागायचं नाही."

हिलरीने जोड पुन्हा वाकवून पाहिला. यंत्रांच्या पट्ट्यांच्या कारखान्यात रबराच्या चाचण्या करण्यात तिची एकतीस वर्षे गेली होती. गरम कपाटात रबराचे तुकडे टांगायचे, आठवड्याने काढायचे, ताणून तोडायचे आणि आकडा लिहायचा. क्लाइव्ह तिचा नवरा. लिंकनशरमधल्या या गवती धावपट्टीवर बावीस वर्षे तोच तपासनीस होता, आणि त्याच्या हाताखाली पाने आणि दिवा धरता धरता ती हे काम शिकली होती. तो जाऊन दोन वर्षे झाली. मागच्या दोन वार्षिक परवान्यांवर बाहेरगावच्या एका तपासनीसाने लॉगबुक वाचून, वरवर पाहून सही केली होती. गेल्या हिवाळ्यात हिलरी परीक्षा देऊन स्वतः तपासनीस झाली, आणि तिच्या हाती आलेले हे पहिलेच विमान. दोन सीटचे, पिवळे, डेरिक आणि आणखी दोघांच्या मालकीचे.

तिने लॉगबुक पुन्हा उघडले. क्लाइव्हचे तिरके, नेटके अक्षर: जून २०१८. सर्व रबरी भाग बदलले. खाली सही.

इंजिन बनवणाऱ्यांचा नियम पाच वर्षांचा होता, तास कितीही होवोत. खासगी मालकाला तपासनीस हो म्हणाला तर स्थिती पाहून पुढे ढकलता येई, आणि मागच्या वर्षी तेच झाले होते. या हिशेबाने रबर सहा वर्षांचे. तिच्या बोटांना ते सहा वर्षांचे वाटेना.

तिने जोड उलटा केला. चकतीच्या मागे साच्यातच उमटलेले छोटे वर्तुळ होते. मध्ये वर्षाचे दोन आकडे, भोवती महिन्यांचे ठिपके. रबर कधी तयार झाले याची ती जन्मखूण. तिने तेलकट धूळ फडक्याने पुसली आणि चष्मा कपाळावर सरकवून जोड डोळ्यांजवळ नेला.

११.

तिने तो ठेवून दिला आणि काही न बोलता विमानाच्या उजव्या बाजूला गेली. तोच पट्टा, तेच दोन बोल्ट. हा जोड मऊ होता, नख रुतून वर आले. मागच्या वर्तुळात १८.

"सँडविच गार होतंय," डेरिक म्हणाला.

"होऊ दे."

*

घरी गॅरेजमध्ये क्लाइव्हचे बिस्किटांचे डबे होते, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेले. 'पॅचेट' असे लिहिलेल्या डब्यात तिला जे सापडेल असे वाटले होते तेच सापडले. एक कागदी पाकीट फाडलेले, रिकामे. एक न उघडलेले, ते तिने उघडले: नवा कोरा जोड, त्यावरही १८. २०१८ मध्ये त्याने जोडांची जोडी मागवली होती. पेट्रोलच्या आणि पाण्याच्या नळ्या त्याने बदलल्या होत्या. त्या वरून दिसतात. जोडांसाठी दोन्ही कार्ब्युरेटर उतरवावे लागतात. त्याने अंगठा दाबला असेल, चांगले आहे म्हटले असेल, आणि 'सर्व' असे लिहिले असेल.

मग एकच पाकीट का फाडले? आणि केव्हा?

हिलरी गॅरेजमधल्या स्टुलावर बसली. केव्हा, ते तिला माहीत होते. जोड फाटला की त्यातून हवा शिरते आणि इंजिनाचा दम जातो. ते माहीत नसल्याचा एखादा मार्ग निघतो का, हे ती पाहत होती.

ऑगस्ट २०२०. विमानाची तेव्हाची चौथी मालकीण, टॅम्झिन हॅल्ड्रेड, वय एकतीस, पुढच्या महिन्यात प्रशिक्षक व्हायची परीक्षा देणार होती. उड्डाणानंतर दीडशे फुटांवर इंजिनाने धाप टाकली आणि विमान समोरच्या बीटाच्या शेतात उतरले. चाक रुतले, विमान उलटले, टॅम्झिनचे दोन मणके मोडले. शेतात सर्वांत आधी पोहोचला क्लाइव्ह. त्यानेच सांगितले की पेट्रोलचा कॉक, टाकीकडून येणारी तोटी, टॅम्झिनकडून अर्धा बंदच राहिला होता. अशा लहान अपघातांची चौकशी फॉर्म भरूनच होते. फॉर्मवर क्लाइव्हने लिहिले: इंजिनात दोष नाही.

त्या वर्षीच्या नाताळच्या जेवणात डेरिकने एक फळी बनवून आणली. वार्निश केलेले ओक, त्यावर पेट्रोलचा एक पितळी कॉक बसवलेला, खाली पितळेची छोटी पट्टी: टॅम्झिन हॅल्ड्रेड, २०२०. वर्षातल्या सर्वांत मोठ्या घोडचुकीचे बक्षीस. कमरेला आणि पाठीला पट्टा बांधलेली टॅम्झिन उठली, हसली, फळी घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिलरीनेही वाजवल्या होत्या. त्यानंतर टॅम्झिन धावपट्टीवर आली नाही. तिने आपला हिस्सा सोडला. फळी मात्र दर वर्षी कोणाला ना कोणाला मिळत राहिली. तिच्यावर आता चार नावे होती.

*

दुसऱ्या दिवशी डेरिक हँगरबाहेर खुर्ची टाकून बसला होता. हिलरीने दोन्ही जोड त्याच्यापुढच्या लाकडी खोक्यावर ठेवले, वर्तुळे वर करून.

त्याने चष्मा लावला, वाचले, चष्मा काढला.

"चुकून एक राहिला असेल," तो म्हणाला. "माणूस होता."

"त्याने 'सर्व' लिहिलंय."

"मग सर्व म्हणजे जवळजवळ सर्व. हिलरी, हे बघ, नवे जोड बुधवारपर्यंत येतील. तू दोन्ही बसव, तारीख घाल, सही कर. हे दोन टाक कचऱ्यात. विमान सुरक्षित झालं, तुझं काम झालं. यात बिघडलं कोणाचं?"

"टॅम्झिनचं."

"तिचा कॉक अर्धा बंद होता."

"असं क्लाइव्ह म्हणाला."

"मग? क्लाइव्ह खोटं बोलायचा का? तुझा नवरा होता तो, माझा नव्हता."

"उजवा जोड त्याने २०१८ मध्ये बदललेला नाही, डेरिक. बदलला असता तर दोन्ही बदलले असते. अर्धं काम करून कार्ब्युरेटर परत कोण बसवतं? उजवा फाटला म्हणून उजवा बदलला. आणि तो अपघाताच्या वेळी फाटला."

"सिद्ध कर. कुठाय फाटलेला?"

"नाहीये."

"मग झालं तर. नसलेल्या तुकड्यावरून मेलेल्या माणसाला चोर ठरवू नकोस. आणि डावा काही वाईट नव्हता तेव्हा, आम्ही वाकवून बघितला होता चांगला, त्याला अजून..."

तो थांबला. शेजारच्या शेतात कोबीवर पाण्याचे फवारे फिरत होते. त्यांचा टिक-टिक आवाज तेवढा राहिला.

"आम्ही," हिलरी म्हणाली.

डेरिकने मगमधला चहा गवतावर ओतला.

"तो रडत होता, हिलरी. इथेच, या हँगरमध्ये. माझ्यासमोर, लहान मुलासारखा. बावीस वर्षांत एक चूक. एक! त्याची सही गेली असती, विम्याने हात वर केले असते, कोर्टकचेरी झाली असती. आणि पोरगी जगली होती. तरुण होती. बरी होणार होती. कॉक उघडा राहणं, बंद राहणं कोणाकडूनही होतं. त्यात लाज कसली?"

"लाज नव्हती तर तूच का नाही घेतलीस आपल्यावर?"

"मी कुठे उडवत होतो?"

"आणि ती फळी?"

त्याने चष्मा खिशात टाकला. मग म्हणाला, "फळी नसती केली तर लोकांना वाटलं असतं, काहीतरी लपवतायत. गंमत केली की विषय संपतो."

हिलरीने जोड रुमालात गुंडाळले.

"तू लिहिणार?" डेरिकने विचारले. "तुझ्या हाताने? क्लाइव्हच्या सहीखाली?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरे होते.

*

टॅम्झिन ग्रँथममध्ये एका गुरांच्या डॉक्टरकडे स्वागतकक्षात काम करत होती. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या अंगणात आली. हिलरी बाकावर सरकली, पण टॅम्झिन बसली नाही. हातात चीज घातलेला पाव घेऊन भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

"बोला, मिसेस थर्लबी."

"हिलरी म्हणायचीस तू मला."

"म्हणायचे."

हिलरीने रुमाल उघडला आणि सांगितले. आकडे, पाकिटे, लॉगबुक, डेरिकचा तो शब्द. ठरवल्याप्रमाणे क्रमाने सांगितले, कुठेही आवाज न चढवता. डावा जोड वाकवून चीरही दाखवली. टॅम्झिन पाहत राहिली. पावाला तिने हात लावला नाही.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये. आठवतं? तुम्ही खुर्चीवर बसून संत्रं सोलत होता. मी म्हटलं, इंजिन उजवीकडून खडखडलं, हादरलं, पेट्रोल संपल्यासारखं गुपचूप नाही गेलं. कॉक मी उघडला होता, माझा हात मला आठवतोय. तुम्ही काय म्हणालात?"

हिलरीला आठवत होते.

"तुम्ही म्हणालात, धक्का बसला की मेंदू मागाहून गोष्टी रचतो. त्यावर अभ्यास झालाय म्हणालात. आणि संत्र्याची फोड माझ्या हातात दिलीत. क्लाइव्हचं मी मानलं नसतं. डेरिकचं तर नाहीच. तुम्ही शास्त्र शिकलेल्या, तुम्ही कधी उगाच बोलत नाही. तुम्ही म्हणालात म्हणून मी मानलं."

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तर म्हणायचं होतं, माहीत नाही."

आत कुत्रे भुंकले. टॅम्झिनने तिकडे पाहिले आणि मान परत वळवली. मान वळवताना ती खांद्यासकट वळे.

"रोज सकाळी घरातून निघाले की गॅस बंद केलाय का बघायला मी परत जाते. तीनदा. बहिणीच्या मुलाला मी गाडीत बसवत नाही. तिला वाटतं, मला मुलं आवडत नाहीत. मला आठवणारा हात खोटा असेल तर दुसरं काय काय खोटं असेल? चार वर्षं मी ही अशी बाई आहे, अर्धवट बंद करणारी. आता तुम्ही सांगताय की मी तशी नव्हतेच. मग ती चार वर्षं कोणाची? कोणाला परत करू?"

"मी लिहू शकते," हिलरी म्हणाली. "लॉगबुकमध्ये, आणि चौकशी खात्याला. पण मला वाटलं, आधी तुला..."

"विचारायला आलात?"

हिलरीने जोड रुमालात परत ठेवला.

"म्हणजे मी म्हणावं, जाऊ दे, झालं ते झालं, मेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं. आणि तुम्ही सुटाल." टॅम्झिनने पाव कागदात परत गुंडाळला. "माझ्याकडून काही मिळणार नाही तुम्हाला. हो पण नाही आणि नको पण नाही. तुमच्या हातात रबर आहे, त्यावर आकडा आहे. तुम्हाला दिसलं ते लिहायला माझी परवानगी कशाला हवी?"

ती आत गेली. हिलरी बाकावर बसून राहिली. विचारायला आपण इतक्या लांब गाडी चालवत आलो ते नकार घ्यायलाच, हे तिला कळले. तिने एकतीस वर्षे रबराचे आकडे वाचले होते, आणि हा आकडा वाचायला तिला दुसरे कोणीतरी हवे होते.

*

तिने लिहिले. क्लाइव्हच्या नोंदीखाली, निळ्या शाईत, सहा ओळी: कोणत्या जोडावर कोणते वर्ष, कोणत्या बाजूला चीर, २०१८ ची नोंद या दोन खुणांशी जुळत नाही, उजवा जोड २०२० च्या अपघातानंतर बदलल्याचे एका मालकाने आपल्याला सांगितले. विमान उडण्यास योग्य नाही. हिलरी थर्लबी. एक प्रत चौकशी खात्याला, एक टॅम्झिनला, एक धावपट्टीवरच्या चहाच्या कॅरॅव्हॅनमधल्या फलकावर. फलकावरची प्रत दुसऱ्या दिवशी नव्हती. तिने पुन्हा लावली. तीही गेली. तिसऱ्यांदा तिने लावली नाही.

खात्याचे दोन ओळींचे पत्र आले: प्रकरण बंद आहे, आपले पत्र फाइलला जोडले आहे. टॅम्झिनचे काही आले नाही. डेरिकने बाहेरगावच्या तपासनीसाला बोलावले, सगळे रबर नवे घातले, आणि जुलैत पिवळे विमान हिलरीच्या घरावरून गेले. आवाज स्वच्छ होता. तिने भांडी घासता घासता ऐकला. इंजिनात खरेच काही दोष नव्हता. तिच्याकडे तपासणीसाठी दुसरे विमान कोणी आणले नाही.

डिसेंबरमध्ये रविवारी दुपारी नेहमीच्या पबमध्ये नाताळचे जेवण होते. तिला बोलावणे आले तेव्हा ती जाणार नव्हती. मग वाटले, न गेल्याने त्यांचीच सोय होईल. तिला टोकाची खुर्ची मिळाली. टर्की खाऊन झाली. कागदी मुकुट घालून डेरिक उठला, हातात ती फळी.

"मंडळी! यंदा निवड अवघड नव्हती," तो म्हणाला. "एका सहीत विमान आणि नवरा दोघांनाही जमिनीवर आणण्याचा विक्रम... हिलरी, ये बाई, लाजू नकोस."

हशा पिकला. मोकळा नव्हता, पण पिकला. टाळ्याही वाजल्या. हिलरी उठली, टेबलाच्या कडेने चालत गेली आणि फळी घेतली. ओक जड होते. कॉकखाली पाच पट्ट्या होत्या. पाचवी तिची, नवी, चकचकीत.

ती जागेवर परत आली. फळी ताटाशेजारी आडवी ठेवली. पर्समधून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, आणि पहिल्या पट्टीचे दोन स्क्रू फिरवायला लागली. एक सहज निघाला. दुसऱ्याला गंज होता, त्याला वेळ लागला. तेवढ्या वेळात बोलणी एकेक करून थांबली. टॅम्झिनचे नाव निघाले तिथे लाकूड फिकट राहिले होते, चौकोनी, दोन भोके असलेले.

"आता तिथे काय लावायचं?" पलीकडून कोणीतरी विचारले, हसायला जागा ठेवून.

"क्लाइव्ह थर्लबी," हिलरी म्हणाली. "अक्षरं कोरून आणते मी. वर्ष तेच ठेवू."

कोणी हसले नाही. डेरिकने डोक्यावरचा मुकुट काढला आणि त्याची घडी घालत बसला. मग आतून पुडिंग आले, आणि वाढणाऱ्या मुलीने हिलरीपुढची फळी जरा बाजूला सारून विचारले, कस्टर्ड हवे का. हिलरी हो म्हणाली. ती पट्टी तिने दोन्ही स्क्रूंसकट रुमालात बांधली, आणि चमचा उचलला.